वडिलांच्या माघारी त्यांची बंदूक विकायची आहे

पत्र : आम्ही कोरेगाव तालुक्यातले. वडील फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि पुढे बरीच वर्षं एका बँकेत सुरक्षारक्षक होते. त्या नोकरीसाठी त्यांनी स्वतःच्या नावावर परवाना काढून बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली. गेल्या पावसाळ्यात ते गेले. बंदूक माळ्यावर घोंगडीत गुंडाळून ठेवली आहे, काडतुसं त्यांच्या फौजेच्या ट्रंकेत आहेत. मी चाकणला कंपनीत, बहीण सासरी, घरी आई एकटी. आतेभावाच्या ओळखीतला पाटणकडचा एक शेतकरी रोख पैसे द्यायला तयार आहे. आपल्याकडे परवाना आहे असं तो म्हणतो, व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवलाय. आतेभाऊ म्हणतो, बंदूक आत्ता देऊन टाक, कागद सावकाश होतील, कुणी विचारलंच तर दुरुस्तीला दिली म्हणायचं. वडिलांच्या परवान्याची मुदत अजून दीड वर्ष बाकी आहे. आई म्हणते खंडेनवमी होऊ दे, मग बघू. मला कुठलंही लफडं नको. विकायची कशी? आणि वडिलांचं परवान्याचं पुस्तक आठवण म्हणून घरात ठेवता येईल का?

उत्तर :

दादा, गिऱ्हाईक, भाव, रोख की चेक, हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते एक साधं वाक्य : घरी आई एकटी. कारण आज कुणी त्या माळ्यावर हात घातला, तर विनापरवाना बंदूक ज्या घरात सापडली त्या घरात राहणारं माणूस म्हणून पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाईल. तुम्ही चाकणला असाल.

परवान्याची दीड वर्ष मुदत बाकी आहे, यावर तुम्ही विसंबून आहात असं दिसतं. ती मुदत वडिलांसाठी होती. शस्त्र परवाना हा त्या माणसाला दिलेला असतो, घराला किंवा बंदुकीला नव्हे, आणि तो वारसाहक्कानं आपोआप कुणाकडे येत नाही. जमीन वारसानं येते, बंदुकीची मालकीही वारसाकडे येते, पण ती जवळ बाळगायचा हक्क येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ३ अगदी सरळ आहे : परवाना नसेल तर बंदूकही ठेवायची नाही आणि काडतूसही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आणि वर दंड आहे. ‘वडिलांची होती, आम्ही हातसुद्धा लावला नाही’ हे खरं असेल, पण परवान्याची जागा ते घेऊ शकत नाही.

आता आतेभावाचा सल्ला. त्यांना वाटतंय की जुनी मोटारसायकल विकताना चावी आज देतात आणि आरटीओचे कागद पुढच्या महिन्यात करतात, तसंच हे. बंदुकीत क्रम बरोबर उलटा आहे. आधी कागद, मग परवानगी, आणि सगळ्यात शेवटी वस्तू हातातून हातात. वस्तू आधी गेली तर नंतर केलेल्या कागदानं ती चूक पुसली जात नाही. कायद्याला सोडून बंदूक विकणं किंवा दुसऱ्याच्या हवाली करणं याला कलम २५ खाली आता किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. आणि बंदुकीच्या नळीवर नंबर असतो. उद्या त्या पाटणच्या माणसाकडून ती चोरीला गेली, कुठल्या भांडणात बाहेर निघाली, तरी तो नंबर साताऱ्याच्या दप्तरात तुमच्या वडिलांच्या नावापुढेच लिहिलेला असेल. पोलीस आधी कोरेगावलाच येतील.

‘दुरुस्तीला दिली म्हणायचं’ ही युक्ती नवी नाही. तिच्यामागे कायद्यातली एक खरी सवलत आहे : परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकतो. पण लेखी पत्र देणार कोण? परवानाधारक हयातच नाही. म्हणजे हे सांगणं खोटं तर आहेच, वर ते टिकणारंही नाही. पहिल्याच प्रश्नाला कोसळेल.

तर मग वाट कुठली? वाट कायद्यातच आहे आणि ती तुमच्या फायद्याची आहे, फक्त ती फारशी कुणाला सांगितली जात नाही. कलम २१ म्हणतं की ज्याच्याकडे शस्त्र ठेवण्याचा अधिकार उरला नाही त्यानं विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं. हे लोकांना अर्धवट माहीत असतं. ‘जमा केली म्हणजे गेली’ या भीतीनं बंदुका वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहतात. पण त्याच कलमाचा पुढचा भाग वाचा : जमा केलेलं शस्त्र ठरलेल्या मुदतीत, ते बाळगायला पात्र असलेल्या माणसाला विकायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा अधिकार जमा करणाऱ्याला आहे. स्वतः परवाना मिळवला तर ते परतही घेता येतं. म्हणजे बंदूक ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत असतानाच तुम्ही तिची विक्री ठरवू शकता. घरात ठेवूनच विकता येते हा गैरसमज आहे. उलट तुमच्यासारख्या वारसाला ती बाहेर जमा करूनच कायदेशीरपणे विकता येते. मुदत मात्र सांभाळायची. ती उलटून गेली आणि काहीच हालचाल केली नाही, तर जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात, मग पैसेही नाहीत आणि बंदूकही नाही. म्हणून जमा करताना पहिला प्रश्न हाच विचारा की मुदत कधीपर्यंत, आणि उत्तर लेखी घ्या.

आता हे करायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांची गडबड इथेच होते.

बंदूक खांद्याला मारून ठाण्यात जाऊ नका. आधी रिकाम्या हातानं जा. सोबत वडिलांचा मृत्यूचा दाखला, परवान्याचं मूळ पुस्तक, तुमचं आणि आईचं आधार कार्ड, आणि एक साधा अर्ज न्या. अर्जात लिहा की अमुक तारखेला वडील वारले, त्यांच्या नावावर अमुक क्रमांकाचा परवाना आणि अमुक क्रमांकाची बारा बोअर बंदूक आहे, सोबत इतकी काडतुसं आहेत, ती आम्ही स्वखुशीनं जमा करू इच्छितो, कशी आणावी याची सूचना व्हावी. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक. ठाणे अंमलदार ‘उद्या घेऊन या’ म्हणतील किंवा गावात कर्मचारी पाठवतील. घेऊन या म्हणाले तर ती पोच खिशात ठेवूनच निघा, आणि घर ते ठाणे मध्ये कुठेही थांबू नका, पाहुण्यांकडे चहालासुद्धा नाही.

दाखल्यावरची तारीख आणि आजची तारीख यांत बरेच महिने गेले आहेत, हे पोलिसांना दिसणारच. त्यामुळे ठाण्याची पायरी चढण्याआधी फौजदारी काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक वकिलाला अर्ध्या तासासाठी भेटा. उशीर का झाला ते अर्जात जे खरं असेल तेच लिहा : दुःख, माहिती नसणं, तुम्ही बाहेरगावी असणं. आपण होऊन लेखी अर्ज घेऊन आलेला वारस आणि झडतीत सापडलेली बंदूक यांत फार मोठा फरक आहे. पण काहीच होणार नाही अशी हमी मी इथे बसून देणार नाही, आणि कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

माळ्यावरून बंदूक उतरवायची वेळ येईल तेव्हा ती भरलेली आहे असं समजूनच उतरवा. वडील फौजेतले होते, शिस्तीचे होते, त्यांनी ती रिकामीच ठेवली असेल हे शंभर टक्के खरं असलं तरीही. नळीचं तोंड आईकडे, दाराकडे, स्वतःच्या पायाकडे कधीच नको, आणि चापाच्या कडीत बोट घालायचंच नाही. दुनळी बंदुकीला वर, दस्त्याच्या मानेजवळ, अंगठ्यानं सरकवायचा एक खटका असतो. तो बाजूला ढकलला की नळ्या बिजागरीवर खाली वाकतात आणि मागची दोन भोकं उघडी पडतात. आत पितळेची गोल बुडं दिसली तर काडतुसं आत आहेत. दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसला तर रिकामी. चाप ओढून ‘रिकामी आहे का’ बघायचं नाही. अपघात असेच होतात. खटका गंजून अडकला असेल, बाहेरचे घोडे वर चढलेले दिसले, किंवा तुम्हाला हे कधीच करून माहीत नसेल, तर जोर लावू नका. तशीच राहू द्या आणि ठाण्यात सांगा, त्यांचा माणूस येऊन उघडेल. उघडून रिकामी झाली की नळ्या, पुढचं लाकूड आणि दस्ता सुटे होतात. शक्य असेल तर तशी सुटीच न्या. काडतुसं वेगळ्या डब्यात. ट्रंकेत दमट हवेनं फुगलेली, हिरवट थर चढलेली काडतुसं असतील तर ती घासायला, पुसायला जाऊ नका, आणि ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकूनही देऊ नका. मोजा आणि तीही पावतीवर चढवा.

पावतीबद्दल तुम्ही जरा चिवटपणा दाखवायला हवा. ‘एक बंदूक जमा’ एवढ्यावर समाधान मानू नका. कंपनीचं नाव, नळीवरचा क्रमांक, बोअर, एकनळी की दुनळी, दस्त्याला तडा आहे का, पट्टा सोबत आहे का, काडतुसं किती, हे सगळं पावतीत यायला हवं. परवान्याच्या पुस्तकातला नंबर आणि नळीवरचा नंबर तिथेच ताडून बघा. जुन्या पुस्तकांत आकडा चुकीचा उतरवलेला असतो आणि विक्रीच्या वेळी नेमका तोच नडतो. चूक असेल तर ती आत्ताच अर्जात नमूद करा.

पोलीस ठाणं की विक्रेता? कायद्यानं दोन्ही चालतं. विक्रेत्याकडे ठेवलं तर महिन्याचं भाडं लागेल, पण बंदुकीला तेल-पाणी मिळतं. ठाण्याच्या खोलीत आपल्याकडच्या एका पावसाळ्यात नळ्यांना गंज चढतो आणि विकायला गेल्यावर तोच भाव पाडतो. तुमचा विचार विकायचाच असेल, तर मी आधी ठाण्यात कळवून, त्यांच्या माहितीनं विक्रेत्याकडे जमा करायच्या बाजूचा आहे.

यानंतर जिल्हाधिकारी कार्यालय. सातारा असो की सांगली, आपल्याकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणारा अधिकारी जिल्हादंडाधिकारी, आणि त्याचं काम कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत चालतं. तिथे दोन गोष्टी कळवायच्या. एक, परवानाधारक वारले, शस्त्र अमुक ठिकाणी जमा आहे. दोन, वारस म्हणून आम्हाला ते विकायचं आहे, परवानगी मिळावी.

इथे बहिणीचा विषय येतो. ती विकायच्या बाजूनं असेल तर छान. पण तिची संमती फोनवर चालत नाही. बंदूक ही वडिलांची मालमत्ता, त्यामुळे आई, तुम्ही आणि बहीण तिघंही वारस. ग्रामपंचायतीकडचा मृत्यूचा दाखला, वारसांची नावं दाखवणारा कागद आणि ज्यांच्या नावावर अर्ज नाही त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, हा संच आधीच तयार ठेवा. एका वारसानं परस्पर विकली आणि दुसऱ्यानं वर्षभरानं तक्रार केली, असं घडू शकतं. भाऊबंदकीला बंदूकच लागते असं नाही, पण असली तर विषय लवकर ठाण्यात जातो.

आणि विकायचीच असं ठरवण्याआधी आईंना एकदा नीट विचारा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. परवानाधारक वारल्यावर कायदेशीर वारस अर्ज करू शकतो. एवढंच नाही, परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं ते शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच वारसाचं नाव सुचवू शकतो. (हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे वडील सत्तरी ओलांडलेले आहेत आणि घरात बंदूक आहे, त्यांनी हा परिच्छेद वडिलांना वाचून दाखवावा.) पण अर्ज केला म्हणजे मिळालाच असं नाही. पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं, बंदूक सुरक्षित ठेवायची सोय दाखवावी लागते. तुम्ही चाकणला भाड्याच्या खोलीत राहत असाल, तर बंदूक घेऊन करणार काय? माझं स्पष्ट मत : विका.

आता त्या पाटणच्या गृहस्थाकडे वळू. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाटण, जावळीकडे रानडुकरं भाताची आणि उसाची नासाडी करतात, शेतकरी बंदुकीच्या शोधात असतात. (एक आठवण त्यांनाही द्या : पीक संरक्षणासाठी परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची परवानगी मिळाली असं होत नाही. वन्यजीव कायदा वेगळा आहे, आणि गवा तर त्यात अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे.) पण व्हॉट्सॲपवरचा फोटो हा परवान्याचा पुरावा नव्हे. फोटो जुना असतो, दुसऱ्याचा असतो, रद्द झालेल्या परवान्याचाही असू शकतो. मूळ पुस्तक तुमच्यासमोर टेबलावर आलं पाहिजे. त्यात बघा : फोटो आणि नाव त्याच माणसाचं आहे ना, मुदत संपलेली नाही ना, यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदवहीतला ओळख क्रमांक, आहे का, कुठल्या प्रकारचं शस्त्र घ्यायला परवानगी आहे, ते विकत घ्यायची मुदत उलटली नाही ना, आणि आधीच किती शस्त्रं चढलेली आहेत. रिव्हॉल्व्हरच्या परवान्यावर बारा बोअर चढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. त्याच्याकडे आधीच दोन असतील तर तुमची तिसरी त्याला घेताच येणार नाही, कितीही पैसे देऊ केले तरी.

तो सातारा जिल्ह्यातलाच आहे ही सोयीची गोष्ट. त्याचा परवाना आणि वडिलांचा परवाना एकाच कचेरीतले, त्यामुळे खातरजमा तिथेच होते. अर्जात त्याचं पूर्ण नाव, पत्ता, परवाना क्रमांक लिहा आणि शाखेलाच तपासू द्या. पुणे शहरातला गिऱ्हाईक असता तर त्याचा परवाना पोलीस आयुक्तांचा असतो, मग दोन कचेऱ्यांचा पत्रव्यवहार आणि वेळ दुप्पट. सांगलीच्या वाचकांना हमखास अथणी, विजयपूरकडून विचारणा येते. राज्य बदललं की परवान्याचं वैधता क्षेत्र आणि वाहतुकीची परवानगी हे प्रश्न उभे राहतात. तिथे खासगी विक्रीच्या भानगडीत पडू नये, विक्रेत्यामार्फतच करावं.

जे वाचक स्वतः परवानाधारक आहेत आणि हयातीतच आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकू इच्छितात, त्यांचं काम तुमच्याहून सोपं आहे. कलम ५ त्यांना विक्रेत्याचा परवाना नसतानाही विकायची मुभा देतं, पण दोन अटींवर. विकायचा विचार आहे हे आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. ते ४५ दिवस संपायच्या आत बंदूक हलवायची नाही. पोच क्रमांक आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण मोजणी तिथून सुरू होते. तुम्हाला वारस म्हणून कचेरीची परवानगी लागणार, तरी एवढा वेळ धरूनच चला. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर आणखी थांबावं लागेल, कारण त्या काळात परवानाधारकांच्याच बंदुका जमा करून घेण्याचं काम चालू असतं.

विकू नये अशी माणसंही कायद्यानं ठरवून दिली आहेत. एकवीस वर्षांखालचा, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, मनोरुग्ण. ‘मला माहीत नव्हतं’ ही ढाल तेव्हाच चालते जेव्हा शंका यायला काही जागाच नसते. गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती, हे कोण मानणार?

प्रत्यक्ष देणं-घेणं बंदूक जमा असेल तिथूनच व्हावं, परवानगीचा कागद हातात असताना, आणि ती नोंद त्याच दिवशी घेणाऱ्याच्या परवान्यावर चढवायची व्यवस्था करून. ढाब्यावर, शेतावर, गाडीच्या डिकीत हे होत नाही. पैसे बँकेतून घ्या. रक्कम किरकोळ असली तरी एनईएफटी, यूपीआय, चेक, काहीही, पण मागे ठसा राहू दे. विक्रीची पावती तुम्हा तिघा वारसांच्या सहीनं करा आणि तिच्यावर बंदुकीचा क्रमांक, घेणाऱ्याचा परवाना क्रमांक, परवानगीच्या पत्राचा क्रमांक लिहा. काडतुसं बंदुकीसोबत फुकट देऊन टाकू नका. त्यांचाही हिशेब परवान्यावर असतो, म्हणून परवानगी मागतानाच त्यांचा उल्लेख करा.

भावाची अपेक्षा मात्र जरा खाली आणा. परदेशी बंदुकांची आयात सामान्य परवानाधारकांसाठी ऐंशीच्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला अजून चढा भाव येतो. देशी बारा बोअर दुनळीचं तसं नाही. ती जड, जुनी, आणि दोनचीच मर्यादा आल्यापासून अनेकांनी हीच काढून टाकली. विक्रेत्याला दाखवलीत तर तो कमी सांगेल, पण कागदाचं ओझं बरंचसं तोच उचलेल. पाटणचा माणूस खुल्या बाजाराहून बरंच जास्त देतो म्हणत असेल, तर त्याला कागद नको आहेत का, हे आधी विचारा. आणि बंदुकीचा फोटो गावच्या ग्रुपवर, स्टेटसला, फेसबुकवर टाकून गिऱ्हाईक शोधू नका. ‘विकणे आहे’ लिहून तुम्ही घरात बंदूक आहे हे चोराला आणि परवाना नाही हे पोलिसांना, दोघांनाही एकाच वेळी कळवता.

या निमित्तानं आणखी एक, कारण वाई, जावळीकडून हा प्रश्न वारंवार येतो. पणजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर आहे, तिचं काय? दुरुस्त करूनही जिच्यातून बार उडणं शक्य नाही अशा जुन्या घाटाच्या किंवा पुराण वस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला कायद्यात सूट आहे. पण ‘उडत नाही’ हे तुम्ही ठरवायचं नसतं. ठासणीच्या चालू बंदुकीला परवाना लागतो, आणि शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावस्तूंचा कायदाही लागू होऊ शकतो. तीही विकण्याआधी लेखी विचारा. एअरगनचं वेगळं : ०.१७७ बोअरपेक्षा मोठी किंवा वीस ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची असेल तर परवाना लागतो, घरातली साधी पोरांची एअरगन त्यात येत नाही.

आईंच्या खंडेनवमीबद्दल. त्यांचं मन मोडू नका, पण तारीखही पुढे ढकलू नका. हा वाद त्यांच्याशी कायद्याच्या भाषेत घालू नका, त्या ऐकणार नाहीत. वडिलांनी आयुष्यभर ती बंदूक परवान्याशिवाय एक दिवस तरी घरात ठेवली असती का, एवढंच विचारा. फौजी माणसाच्या बायकोला हे कळतं. पूजेला वडिलांची पदकं आहेत, कमरेचा पट्टा आहे, फौजेतला खंजीर नसेल तर घरातली विळा-कोयती आहे. खंडेनवमीला शेतकऱ्याची अवजारंच पुजतात की.

आतेभावाला काय सांगायचं, हा तुमच्यासाठी बहुधा सगळ्यात अवघड भाग. नातं राखून सांगा की व्यवहार करू, त्याच माणसाबरोबर करू, पण त्याला म्हणावं मूळ पुस्तक घेऊन साताऱ्याला ये, गृह शाखेत भेटू. खरा गिऱ्हाईक असेल तर येईल. त्यालाही उद्या परवान्यावर नोंद चढवायची आहे, चोरून घेतलेली बंदूक त्यालाही उजळ माथ्यानं वापरता येत नाही. आढेवेढे घ्यायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं, आणि आतेभावालाही मिळालं.

परवान्याचं पुस्तक मात्र ठेवता येणार नाही. ते सरकारी कागद आहे, विक्री झाल्यावर बंदुकीची नोंद कमी करून आणि परवाना रद्द करून ते कचेरीत जमा होतं. देण्याआधी प्रत्येक पानाची रंगीत झेरॉक्स काढा, फोटोचं पान, नूतनीकरणाचे शिक्के, बँकेच्या नोकरीच्या काळातल्या नोंदी, सगळं. आणि परवाना रद्द झाल्याचा आदेश टपालानं येईल म्हणून वाट बघत बसू नका. जाऊन मागा, तो हातात आल्याशिवाय फाईल बंद झाली असं समजू नका. तो आदेश, जमा पावती, परवानगीचं पत्र आणि विक्रीची पावती एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सातबाऱ्यासोबत ठेवा.